तुम्ही विचारलंत म्हणून: हो, तीच ती संथ सिरीयल

कुणी थ्रिलर सुचवा म्हटलं की माझ्या तोंडून बीबीसीची १९७९ची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' निघतेच, आणि आठवड्याभरात ठरलेला प्रश्न येतो, अहो यात घडतं काय, नुसती माणसं खोलीत बसून बोलतायत, त्यापेक्षा याच कथेवरचा २०११चा पिक्चर बरा, दोन तासांत विषय संपतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिला सीन परत बघा. रिकामं टेबल, एकेक करून चार जण येऊन बसतात, एकाच्या हातात सिगरेट, शेवटचा चहाचा कप घेऊन येतो आणि बशी कपाखाली नाही तर कपावर झाकण ठेवल्यासारखी. कितीतरी वेळ कुणी चकार शब्द बोलत नाही. जॉन ल कारेची १९७४ची कादंबरी अशी सुरूच होत नाही, ती सुरू होते एका शाळेत, भर पावसात. पण सिरीयलवाल्यांनी आधी हे चेहरेच पुढ्यात ठेवले कारण ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला घरभेदी शोधायचाय, संशय यांच्यावरच, आणि पुढे सात भाग आपलं काम एकच, चेहरे वाचायचे. टायटल्समध्येसुद्धा रशियन बाहुलीतून बाहुली निघत जाते आणि शेवटचीला चेहराच नसतो! पिक्चर वाईट नाही हो, पण तिथे एखाद्यावर संशय मुरायच्या आत उत्तर येतं.

बरं, हा घरभेदी शोधणारा स्मायली, कादंबरीत त्याच्या डोक्यात शिरता येतं, टीव्हीवर ती सोय नाही. मग स्मायली झालेला ॲलेक गिनेस काय करतो, तर ऐकतो. समोरच्याला ती शांतता झेपत नाही म्हणून तो बोलत सुटतो आणि नको ते सांगून बसतो. दिल्लीच्या तुरुंगात मात्र डाव उलटतो, तिथे बडबडतो स्मायली, आणि त्याचा सोव्हिएत प्रतिस्पर्धी कार्ला (पॅट्रिक स्टुअर्ट, एकही डायलॉग नाही) नुसता बघत बसतो, शिवाय जाताना स्मायलीला बायकोने दिलेला लायटर घेऊन जातो. आता चौकशी कोणी कुणाची केली सांगा.

पहिल्या वेळी पहिल्याच भागात मीही झोपलो होतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसलो तेव्हा लागली गोडी. आणि तो बशीवाला कोण हे मला विचारू नका, मी काही बोलणार नाही.