तिला दिसले ते वाचकालाही दिसले पाहिजे : एका रहस्यमालिकेच्या लेखनाचा अनुभव

कलाकृतींच्या चोऱ्या आणि बनावट चित्रांचा बाजार यांवर रहस्यकादंबऱ्यांची मालिका लिहायची आणि तिची तपासनीस ऑटिस्टिक असावी, हे नक्की झाल्यावर मी सर्वांत आधी तिला काय करता येणार नाही ते लिहून काढले. चित्राकडे एक नजर टाकून ते बनावट असल्याचे तिला ओळखता येणार नाही. लिलावांच्या जुन्या सूच्या तिला तोंडपाठ नसतील. आणि जे कोडे इतरांना सुटत नाही ते केवळ ती स्वमग्न आहे म्हणून तिला सुटले, असे एकाही भागात घडणार नाही. पहिल्या दोन अटी पाळणे सोपे होते. तिसरीने मात्र मला पुरते दमवले, आणि मालिकेला जे काही रूप आले ते तिच्यामुळेच आले.

रहस्यकथेत गुन्हा उकलण्यासाठी लागणारा प्रत्येक पुरावा तपासनिसाच्या बरोबरीने वाचकाच्याही हाती पडावा लागतो. शेवटचे प्रकरण वाचून त्याने मागे जाऊन पाहिले तर तो पुरावा तिथे छापलेला सापडला पाहिजे. स्वमग्नतेला दैवी देणगीचे रूप दिले की हा व्यवहारच मोडतो, कारण मग वाचकाला जे दाखवलेलेच नाही ते नायिकेला आपोआप दिसते आणि लेखक अलगद सुटतो. शिवाय ते वास्तवालाही धरून नाही. अचाट स्मरणशक्ती किंवा आकडेमोडीची विलक्षण क्षमता थोड्याच ऑटिस्टिक व्यक्तींकडे असते, आणि ती असली तरी तिच्यामुळे गुन्हेगार सापडत नाहीत.

गुन्हेगार सापडतात ते कशाने, हे पाहण्यासाठी मी गाजलेली प्रकरणे वाचत गेले. हान फान मेगरेन या डच चित्रकाराने सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरच्या नावावर खपवलेल्या एका चित्राला १९३७ मध्ये नामवंत तज्ज्ञाने अस्सल ठरवले होते. ताजा तैलरंग जुन्यासारखा कडक व्हावा म्हणून फान मेगरेन त्यात बेकलाइट या सुरुवातीच्या प्लास्टिकच्या जातीची कृत्रिम राळ मिसळून चित्र भट्टीत भाजत असे. त्याचे बिंग अखेर फुटले ते कोणा पारख्याच्या नजरेने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझी नेता गोअरिंगला व्हर्मीर विकल्याच्या आरोपाखाली पकडला गेल्यावर, देशद्रोहाच्या शिक्षेतून वाचण्यासाठी त्याने स्वतःच कबुली दिली. १९४७ मध्ये तो फसवणुकीबद्दल दोषी ठरला. वोल्फगांग बेल्ट्राची या जर्मन बनावटकाराचे प्रकरण मला त्याहून उपयोगी पडले. हाइनरिश कांपेनडोंक या जर्मन चित्रकाराच्या नावावर, १९१४ सालचे म्हणून रंगवलेले त्याचे घोड्यांचे लाल चित्र २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात २८ लाख ८० हजार युरोंना गेले. पुढे तपासणीत त्यात टिटॅनियम व्हाइट हे पांढरे रंगद्रव्य आढळले. १९१४ मध्ये ते चित्रकारांच्या रंगांत मिळतच नव्हते. झिंक व्हाइट या जुन्या पांढऱ्या रंगाची म्हणून विकत घेतलेल्या नळीत ते मिसळलेले होते आणि नळीवर त्याची नोंद नव्हती, असे बेल्ट्राचीने नंतर सांगितले. चित्रांच्या मागे चिकटवलेले फ्लेख्टहाइम या कलाविक्रेत्याच्या संग्रहाचे लेबलही बनावट होते. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

या वाचनातून माझ्या नायिकेची कामाची जागा ठरली, आणि ती म्हणजे चित्राची मागची बाजू. समोरच्या बाजूबद्दल सगळे बोलतात. मागे मात्र कॅनव्हास, तो ताणून बसवण्याची लाकडी चौकट, खिळे, जुनी लेबले, खडूचे आकडे आणि धूळ एवढाच ऐवज असतो, आणि विक्रेत्याने सांगितलेला मालकीचा इतिहास तिथे पडताळता येतो. पहिल्या भागातील तिसरे प्रकरण म्हणजे अशाच एका चित्राच्या मागच्या बाजूची तिने केलेली नोंद आहे. वरच्या पट्टीचे लाकूड, तिच्यावरील गाठ, लेबलाचा डावा कोपरा सुटलेला, गोंदाचा पिवळा डाग, खिळ्यांची डोकी गंजलेली, कॅनव्हासच्या दुमडलेल्या काठावर खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा, चौकटीच्या लाकडात मात्र एकच रांग, उजव्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेला आकडा, खालच्या पाचरीपैकी एक नाहीशी झालेली. नोंद अशी दीड पान चालते.

गुन्ह्याची किल्ली त्या भोकांत आहे. कॅनव्हासला दोन रांगा आणि लाकडाला एकच, याचा अर्थ कॅनव्हास आधी दुसऱ्या कुठल्या तरी चौकटीवर होता. म्हणजे ज्या लेबलाच्या जोरावर चित्राला वंशावळ मिळाली ते लेबल चौकटीचे आहे, चित्राचे नव्हे. अर्थात दुरुस्तीच्या वेळी चौकट बदलणे ही रास्त गोष्ट असते, त्यामुळे एवढ्यावर कोणाला आरोपी करता येत नाही आणि नायिकाही ते करत नाही. पण दुरुस्तीचा एकही कागद विक्रेत्याकडे नाही, इथून तपास पुढे सरकतो.

त्या दीड पानाने मला माझी तिसरी अट कशी पाळायची ते दाखवले. अमिता शहा आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुंतागुंतीच्या आकृतीत दडलेला लहान आकार शोधण्याच्या चाचणीत ऑटिस्टिक मुले सरस ठरली होती. तपशील आधी दिसणे आणि समग्र चित्र मागाहून जुळणे ही पाहण्याची एक रीत आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. सगळ्या ऑटिस्टिक व्यक्तींना ती सारखी लागू नाही, पण माझ्या नायिकेला मी ती दिली. ती गाठ, डाग, भोके आणि पाचर यांना सारखेच वजन देऊन लिहिते. काय महत्त्वाचे हे तिलाही त्या वेळी ठाऊक नसते. वाचक मात्र अशा यादीवरून भरभर पुढे जातो. पुरावा उघड्यावर ठेवूनही झाकलेला राहतो, आणि कोणावरही अन्याय होत नाही. संपादकांनी ही यादी अर्धी करायला सांगितली तेव्हा पाचर आणि गाठ गेली तरी चालेल, भोके हलणार नाहीत, असे मी कळवले. शेवटी त्यांनी सगळीच राहू दिली.

याच कारणाने निवेदन प्रथमपुरुषी ठेवले. बुद्धिमान गुप्तहेराची कथा त्याच्या साध्यासुध्या सोबत्याने सांगायची ही जुनी आणि सोयीची रीत आहे, पण ऑटिस्टिक नायिका तिच्यात प्रेक्षणीय वस्तू होऊन बसते: ती हात का हलवते, उत्तर द्यायला वेळ का लावते, याचे कोणीतरी बाहेरून नवल करत राहते. आतून लिहिताना हात हलवणे हे अर्ध्या वाक्यात येते आणि जाते. संग्रहालयाचे कोठार तिला का आवडते, हेही आतून सांगता आले. तापमान वीस अंशांच्या आसपास, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, दिवे मंद, आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. चित्रांना जे मानवते तेच तिलाही मानवते.

सर्वांत जास्त वेळ चौकशीच्या प्रसंगांनी घेतला. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही, हा समज रहस्यकथेत फार सोयीने वापरला जातो. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडले की न कळणे दुहेरी असते. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन तितकेच कळत नाही. हे वाचल्यावर मी दालनमालकाच्या चौकशीचा प्रसंग दोन्ही बाजूंनी लिहिला. तो अधिकाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो, म्हणून अधिकाऱ्याला तो सरळ वाटतो. नायिका टेबलाकडे पाहत राहते, म्हणून मालकाला वाटते की तिचे लक्ष नाही, आणि तो सैल बोलू लागतो. नजर चुकवण्यावरून खोटे ओळखता येत नाही हे संशोधनातून पुरेसे दिसून आले आहे, तरीही सगळे नजरेवरच भिस्त ठेवतात.

“हे चित्र तुमच्याकडे केव्हा आले?” ती विचारते.

“अहो मॅडम, वडिलांच्या काळापासून आहे ते.”

“कोणत्या वर्षी?”

“आता इतकं जुनं कसं सांगणार? घरातलीच गोष्ट.”

“मग पावती कोणाच्या नावाची आहे?”

यात चातुर्य काही नाही. पण कलाव्यवहारातील फसवणूक बहुधा सौजन्याच्या आडोशाने चालते, आणि हा दुसरा प्रश्न विचारणे तिथे असभ्य समजले जाते. न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीतून वर्षानुवर्षे बनावट चित्रे विकली गेली ती एका अनामिक श्रीमंत संग्राहकाच्या कहाणीवर. त्यांपैकी एका चित्रावर अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या सहीतील एक अक्षरच गळालेले होते. बेल्ट्राचीच्या पत्नीने आपल्या आजीच्या वेशात, मागे चित्रे टांगून, जुना वाटावा असा फोटो काढला होता. घरगुती आठवण म्हणून पुढे केलेल्या फोटोवर शंका घ्यायला माणूस संकोचतो. माझी नायिका तिथे संकोचत नाही, एवढाच फरक मी ठेवला. मात्र तिला कोणी फसवू शकत नाही असे मी होऊ दिले नाही. दुसऱ्या भागात तिच्याशी आपुलकीने वागणारा, तिला हवी ती शांतता मिळवून देणारा एक मूर्तितज्ज्ञच तिला बराच काळ फसवतो. चटकन विश्वास ठेवणाऱ्या ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत हे कित्येकदा घडते, आणि पुस्तकांत क्वचित येते.

हस्तलिखित मी काही ऑटिस्टिक वाचकांना दिले, अर्थातच मानधन देऊन. त्यांचे शेरे मोजके आणि नेमके होते. लिलावापूर्वीच्या प्रदर्शनाचे प्रकरण, म्हणजे प्रखर दिवे, अत्तरांचे वास, एकाच वेळी चाललेली दहा संभाषणे, आणि तिथून निघून नायिका थेट चौकशीला बसते, यापुढे एका वाचिकेने समासात लिहिले होते : “ही थकत का नाही?” त्या चार शब्दांनी कथानकाचे वेळापत्रक बदलले. चौकशी दुसऱ्या दिवसावर गेली, मधल्या रात्री आरोपीला कागद हलवायला वेळ मिळाला, आणि जो भाग मला सपाट वाटत होता त्यात आपोआप ताण आला. दुसऱ्या एका वाचकाला नायिकेचे निदान कथेत केव्हा आणि कोणी केले हे हवे होते; ते मी दिले नाही, कारण तिच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता.

दुसरा भाग मूर्तिचोरीवर आहे आणि तो पहिल्यापेक्षा लवकर झाला. तमिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये विकत घेतली होती आणि २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता आल्याने ती ओळख पक्की झाली. जुना फोटो आणि विक्रीसूचीतील फोटो शेजारी ठेवून प्रभावळीच्या ज्वाला एकेक करून जुळवणे हे काम नायिकेच्या हाती आयते आले. तेही मी वाचकासमोरच करून घेतले.

तिसरा भाग सध्या लिहून होतो आहे. मालिका पुढे सरकली की नायक-नायिकेने बदलावे अशी अपेक्षा असते, आणि संपादकांनी सुचवलेला बदल म्हणजे तिने शेवटी सहकाऱ्याला मिठी मारावी. मी बदल सहकाऱ्यात केला आहे. तो आता दुसऱ्या दिवसाच्या चौकशीतील प्रश्न तिला आदल्या संध्याकाळी लिहून पाठवतो, आणि बैठकीची वेळ बदलली तर तेही आधी कळवतो. विमा कंपनीच्या मूल्यांकनाचे आकडे कुठे आणि कसे फुगवले गेले, हे उघड करणारे प्रकरण मात्र अजून जमत नाही. त्यात वाचकाला दाखवायचा आकडा फार ठळक दिसतो आहे.