हिज्कीयाचा बोगदा आणि आतल्या सहा ओळी

"बायबल खरं ठरलं!" असले व्हिडिओ मला यूट्यूब रोज रात्री दाखवतं आणि मी मुकाट बघतो. थंबनेलवर लाल बाण, समुद्रात कुठलं तरी चाक, की झाला लगेच फारोचा (म्हणजे बायबलमधल्या इजिप्तच्या राजाचा) रथ. निम्मा माल नुसता फेकू असतो. पण त्या नादात खरं काय काय सापडलंय ते वाचायला लागलो आणि आता हिज्कीया राजाच्या बोगद्यातून बाहेरच पडता येत नाहीये.

गोष्ट इ.स.पू. 701 ची. अश्शूरचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा राज्यावर चालून आला. ही स्टोरी बायबलमध्ये आहे आणि खुद्द सन्हेरीबने मातीच्या प्रिझमवर (अनेक बाजूंच्या ठोकळ्यावर) कोरून ठेवलीये तीसुद्धा आहे, म्हणजे दोन्ही पार्ट्यांचे जबाब आपल्याकडे आहेत. तो म्हणतो मी 46 तटबंदीची शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं यरुशलेमात (म्हणजे जेरुसलेममध्ये) कोंडलं. बरं मग, शहर घेतलं का? त्यावर साहेब गप्प! बायबल म्हणतं देवदूताने एका रात्रीत अश्शूरचे 1,85,000 सैनिक मारले. हिज्कीयाने सन्हेरीबला दिलेल्या खंडणीत सोनं दोघंही 30 किक्कारच सांगतात (किक्कार म्हणजे तेव्हाचं वजन), चांदी मात्र बायबलमध्ये 300 आणि सन्हेरीबकडे 800. हिशोबात घोळ घालायची सवय किती जुनी बघा.

यहूदाचं लाखीश शहर कसं पडलं ते तर सन्हेरीबने आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतलं, ती शिल्पं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि तिकडे लाखीशला खणलं तर वेढ्यासाठी रचलेला दगडमातीचा उतार खरंच निघाला.

सगळीकडे असं जुळत नाही हां. बायबल म्हणतं यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोक आले तेव्हा यरीहो शहराच्या भिंती कोसळल्या. तिथे पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन बाईंनी 1952 ते 1958 खणलं, पडलेल्या भिंती मिळाल्या पण त्या यहोशवाच्या काळाच्या कितीतरी आधीच्या. व्हिडिओवाले एवढंच नेमकं गाळतात.

तर बोगदा, यरुशलेमातला. वेढा पडला तर पाणी शहराच्या आत असावं म्हणून गीहोन झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंत खडक फोडत नेलेला, 533 मीटर, तोही सरळ नाही, नागमोडी. दोन टोळ्या दोन टोकांनी खणत आल्या, कंपास नाही काही नाही. भेटायची जागा जवळ आली तशी त्यांची चलबिचल झालेली दिसते, थोडं इकडे खणलंय, सोडलंय, परत तिकडे. 1880 मध्ये आत पाण्यात खेळणाऱ्या एका पोराला भिंतीवर कोरलेली अक्षरं दिसली, सहा ओळी, जुन्या हिब्रू लिपीत. तेव्हा तिथे ऑटोमन राज्य होतं म्हणून तो दगड आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे.

आणि त्या ओळींत राजाचं नावच नाही! देवाचंही नाही. बहुतेक अभ्यासक लेख हिज्कीयाच्याच काळातला मानतात, पण बोलतायत ते खणणारे असंच वाटतं. तीन हात खडक उरला होता, तेव्हा पलीकडून माणसाने माणसाला मारलेली हाक ऐकू आली, मग कुदळीसमोर कुदळ चालली आणि पाणी 1200 हात वाहत तळ्याला मिळालं. डोक्यावर तेव्हा 100 हात खडक होता, तेही त्यांनी लिहून ठेवलंय.