ऑपेरा हाऊस, मेट्रो, भारतमाता... थिएटर नक्की कोणाचं?

जुन्या थिएटरचा विषय निघाला की सगळे कुठला पिक्चर किती आठवडे चालला ते सांगतात, मालक कोण होता हे कोणी विचारत नाही. पण माझं ठाम मत आहे की मुंबईतली थिएटरं जगली की मेली हे बरेचदा तिथेच ठरलं. त्यात अजून एक भानगड म्हणजे जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची आणि खेळ लावणारा तिसराच.

रॉयल ऑपेरा हाऊसच घ्या. कलकत्त्यात बस्तान असलेला नाटक कंपनीवाला मॉरिस बँडमन आणि आपल्याकडचे जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभं केलं, १९११ ला पंचम जॉर्ज मुंबईत आले तेव्हा उद्घाटन उरकून घेतलं आणि काम पुरं झालं १९१२ ला. म्हणजे राजा आला तेव्हा काम चालूच होतं! पुढे परदेशी कंपन्यांच्या जोडीला आपले बालगंधर्व तिथे गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली, पण नुसत्या नाटकावर एवढा डोलारा पोसणं सोपं नव्हतं, मग पडदा लागला आणि ते सिनेमाचं थिएटर झालं. १९५२ ला गुजरातमधल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी ते घेतलं. १९९३ ला बंद पडलं. मग वर्षानुवर्षं ती नक्षीदार इमारत धूळ खात उभी, आजूबाजूला हिऱ्यांचा बाजार, बस स्टॉपला तिचं नाव, आणि आत कोणी नाही.

पण गोंडलच्या घराण्याने ते विकलं नाही, आणि मला यात खरं मोठेपण वाटतं, कारण त्या भागात जागेला काय भाव आहे हे सगळ्यांना माहितीये. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे दुरुस्तीचं काम दिलं आणि ऑक्टोबर २०१६ ला परत दारं उघडली. आत गेलात तर आधी मान वर करून घुमट बघा, कडेने कवींची चित्रं आहेत, आणि मग बाल्कन्यांवरचं सोनेरी काम. मी तर नाटक सुरू होईपर्यंत वरच बघत होते.

मेट्रोची गोष्ट एकदम वेगळी. १९३८ ला हॉलिवूडच्या एमजीएम या पिक्चर कंपनीने स्वतःच्या पिक्चरसाठी धोबीतलावला बांधलं, म्हणजे पिक्चर बनवणारा आणि दाखवणारा एकच. नंतर ते भारतीय मालकांकडे आलं, २००६ च्या सुमारास अॅडलॅब्ज या थिएटर चालवणाऱ्या कंपनीने त्याचं मल्टिप्लेक्स केलं, मग बिग, मग आयनॉक्स. पाटीवरची कंपन्यांची नावं बदलत गेली तरी मेट्रो हे नाव काही सुटलं नाही. एका मोठ्या हॉलचे तुकडे झाले याचं वाईट वाटतं, पण निदान पिक्चर लागतायत. गिरगावच्या मॅजेस्टिकला तेही नशीब नाही, जिथे १९३१ ला 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट, तिथे आज शॉपिंग सेंटर आहे.

आणि लालबागचं भारतमाता. गिरणगावात, गिरणीच्या जमिनीवर, गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मराठी पिक्चर पाहून मोठं केलेलं थिएटर. गिरणी सरकारच्या एनटीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली तशी जमीनही गेली, आणि मग थिएटर चालवणारे आणि जमीन मालक यांच्यात वाद. तेव्हा कलाकार आणि प्रेक्षक भारतमातासाठी उभे राहिले ते काही कागदावरचे मालक नव्हते, पण इतकी वर्षं तिकिटं त्यांनीच काढली होती ना. ऑपेरा हाऊसच्या मागे एक राजघराणं होतं, भारतमाताच्या मागे फक्त ही माणसं. म्हणून मला वाटतं की जमीन जर सरकारी कंपनीची असेल तर लीजमध्येच लिहावं, इथे थिएटर चालेल आणि मराठी पिक्चर लागेल, मग चालवणारा कोणी का असेना.