शिक्षा थांबली, दोष राहिला

दादा आणि मी राजकारणावर फारसं बोलत नाही. पण राहुल गांधींच्या सुरतच्या बदनामी खटल्यावरून मात्र आमचं आजही जुंपतं. परवा पुन्हा जुंपलं. तो म्हणाला, "सर्वोच्च न्यायालयाने सोडला ना त्याला, मग संपलं." मी म्हटलं, सोडलेलं नाही. दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवण्याला, फक्त स्थगिती दिली, 4 ऑगस्ट 2023 ला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गेली अनेक वर्षं फौजदारी कोर्टांत वकिली करते आहे, त्यामुळे या फरकाकडे दुर्लक्ष करणं मला जमत नाही.

भाषण 13 एप्रिल 2019 चं, कर्नाटकातल्या कोलारचं. नीरव मोदी, ललित मोदी, नरेंद्र मोदी ही नावं घेऊन, सगळ्या चोरांचं आडनाव मोदीच कसं, असा सवाल त्यात होता. फिर्याद सुरतचे आमदार पूर्णेश मोदी यांची. 23 मार्च 2023 ला तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम 500 खाली, बदनामीसाठी, दोषी धरून दोन वर्षांची कैद सुनावली.

दादाचं म्हणणं सरळ आहे. आडनावावरून माणसांना चोर म्हणणं वाईट, मग शिक्षा झाली तर रडायचं कशाला? पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. ते वाक्य सार्वजनिक जीवनातल्या माणसाला शोभणारं नव्हतं, हे सर्वोच्च न्यायालयानेही स्थगितीच्या त्या आदेशात सुनावलं आहे. पण वाईट बोलणं आणि कायद्याने गुन्हा होणं यांच्यामध्ये पुराव्याची एक वाट चालावी लागते. बदनामीची व्याख्या करणाऱ्या कलम 499 मध्ये समूहाचीही बदनामी होऊ शकत असे, पण तो समूह नेमका ओळखता येईल असा हवा, असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. मोदी आडनाव वेगवेगळ्या जातिधर्मांत आहे. तीन माणसांची नावं घेतल्यावर चौथ्या मोदीची अब्रू नेमकी कुठे गेली? माझ्या मते दोषसिद्धीतला हा सगळ्यात कच्चा दुवा आहे, आणि अपिलात खरा कस याच मुद्द्याचा लागायला हवा.

शिक्षेबद्दल मात्र मला 'माझ्या मते' असंही म्हणावंसं वाटत नाही. कलम 500 ची कमाल शिक्षाच दोन वर्षं होती. गुन्हा अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा), जामीनपात्र आणि तडजोडीने मिटू शकणारा. अशा गुन्ह्यात कायद्याने दिलेलं माप काठोकाठ भरायचं, तर न्यायाधीशाने कारणं लिहायला हवीत. राफेल विमानखरेदी प्रकरणातल्या न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्यात राहुल गांधींना आधी समज मिळाली होती, याखेरीज कमाल शिक्षेचं काहीही कारण निकालात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. शिक्षा एका दिवसाने कमी असती तरी खासदारकी गेली नसती, हेही. कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 8(3) दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तरच लागतं.

दादाने इथे हुकमाचं पान टाकलं. "2013 मध्ये तो अध्यादेश फाडून टाका म्हणणारा हाच ना?" हो, हाच. 10 जुलै 2013 च्या लिली थॉमस निकालाआधी दोषी ठरलेल्या खासदार-आमदारांना तीन महिन्यांची मुभा असे. त्या मुदतीत अपील केलं की निकाल लागेपर्यंत पद शाबूत. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात ती सवलत रद्द केली. ती परत आणणाऱ्या अध्यादेशाला राहुल गांधींनीच जाहीर विरोध केला. पण 2013 मध्ये माणूस काय बोलला, त्यावरून त्याच्या खटल्यातला पुरावा कमी-जास्त होत नाही.

सुरतच्या कोर्टाने अपिलासाठी त्याच दिवशी शिक्षा 30 दिवस स्थगित करून जामीनही दिला होता, हे दादाला आठवतच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी राहुल गांधींची वायनाडची लोकसभेची जागा रिकामी जाहीर झाली. शिक्षा स्थगित झाली म्हणजे तुरुंगाचं दार तेवढं थांबतं. कपाळावरचा 'दोषी' हा शिक्का तसाच राहतो. तो थांबवायला वेगळा अर्ज लागतो, वेगळी कारणं लागतात. सत्र न्यायालय आणि गुजरात उच्च न्यायालय, दोघांनीही ती स्थगिती नाकारली होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातली एक गोष्ट मला खटकते, आणि इथे मी दादाच्या बाजूला थोडी सरकते. अपात्रतेमुळे मतदारांच्या हक्कावरही परिणाम होतो, हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला. मतदार फक्त पुढाऱ्याच्या पाठीशी असतात. नोकरी करणाऱ्याच्या पाठीशी त्याचं घर असतं, आणि घराचं वजन तराजूत कोण टाकणार?

हे मी हवेत बोलत नाही. ज्युनियर असताना आमच्याकडे एक सरकारी शिपाई आला होता. बांधावरच्या मारामारीत त्याला एक वर्षाची शिक्षा झाली होती. अपील दाखल केलं, शिक्षा त्याच दिवशी स्थगित झाली, तो पेढे घेऊन आला. चार महिन्यांनी बडतर्फीचा आदेश हातात पडला. खात्याने फक्त दोषसिद्धी पाहिली. राज्यघटनेच्या कलम 311 मध्ये तशी सोय आहे, खातेनिहाय चौकशीही लागत नाही. सात वर्षांनी अपिलात तो निर्दोष सुटला, तोवर निवृत्तीचं वय उलटलं होतं.

दोषसिद्धीलाही स्थगिती मागता येते, पण तिच्यामुळे नेमकं काय नुकसान होणार हे अपील न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयातल्या रामा नारंग खटल्यात 1995 मध्येच ठरलं होतं. परवा दादाचा फोन ठेवल्यावर मी ती जुनी फाईल काढली. आमचा अर्ज दीड पानाचा. 'अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून अर्जदारास जामिनावर मुक्त करावे.' बस्स, एवढीच विनंती. दोषसिद्धीचा उल्लेख नाही, नोकरीचाही नाही. तो अर्ज मीच टाईप केला होता.