तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकं वाचून खेळ सुधारतो का?

"एवढी पुस्तकं वाचता, मग खेळात का दिसत नाही?"

कपाट तुम्ही पाहिलंय, माझे डावही पाहिलेत. त्यामुळे बुद्धिबळाचा नाद कधी लागला वगैरे सांगत बसत नाही. बागकामाची पुस्तकं वाचणाऱ्याला "मग गुलाब कुठायत?" असं कोणी विचारत नाही. आमच्या छंदात निकाल लागतो, आणि तो भिंतीवर चिकटवला जातो, म्हणून आम्ही सापडतो.

आधी माझी बाजू. मी फक्त जिंकण्यासाठी वाचत नाही. हत्तींच्या एंडगेममधली (म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यातली) सगळ्यांत प्रसिद्ध स्थिती लुसेना या जुन्या स्पॅनिश लेखकाच्या नावाने ओळखली जाते. लुसेनाचं पुस्तक १४९७ चं, आणि गंमत म्हणजे त्यात ती स्थिती नाहीच. ती छापलेली सापडते साल्व्हिओ या इटालियन लेखकाच्या १६३४ च्या पुस्तकात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. या माहितीने आजवर एकही डाव जिंकून दिलेला नाही, पण आनंद दिलाच ना? (हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता मलाच ते पळवाटेसारखं ऐकू येतं.)

कारण तेवढ्यासाठीच वाचत होतो असंही नाही. सुधारायचं होतंच. आणि म्हणूनच त्या एका डावाबद्दल सांगायला हवं, जो मी आजवर कोणाला नीट सांगितलेला नाही.

एका स्पर्धेची शेवटची फेरी. पटावर उरले पाच मोहरे: दोन राजे, दोन हत्ती, आणि समोरच्याचं एक प्यादं. माझ्याकडे पांढरे, प्यादं काळ्याचं. ही फिलिदोरची स्थिती; फिलिदोर म्हणजे अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू. त्याने १७७७ मध्ये दाखवून दिलं की इथे कमकुवत, म्हणजे प्यादं नसलेली, बाजू हमखास बरोबरी करते. युक्ती सोपी आहे. आपला हत्ती अशा रांगेत उभा करायचा की समोरच्या राजाला पुढे सरकताच येऊ नये. मग नाइलाजाने प्यादं पुढे येतं. ते आलं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादं पुढे निघून गेलेलं असल्यामुळे राजाला त्याच्या आडोशाला लपता येत नाही.

हे प्रकरण मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांत वाचलं होतं. एका पुस्तकात तर दोनदा, समासात खुणा करून. स्थिती पटावर आली तेव्हा मी चक्क हसलो. घड्याळात ११ मिनिटं होती, म्हणजे वेळेचीही सबब नाही.

पुस्तकांत लिहिलेलं असतं, हत्ती सहाव्या रांगेत ठेवा. मी ठेवला. सहाव्या रांगेत.

ज्यांना कळलं त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी सांगतो. मी वाचलेल्या प्रत्येक आकृतीत प्यादं पांढऱ्याचं होतं आणि बचाव काळा करत होता, पटाच्या वरच्या बाजूला. रांगा पांढऱ्याच्या बाजूने मोजतात, म्हणून काळ्यासाठी ती सहावी. मी पांढऱ्याने बचाव करत होतो. माझ्यासाठी तीच रांग तिसरी. मला पान आठवत होतं, आकृती आठवत होती, आकडा आठवत होता. फक्त तो आकडा कशासाठी आहे हे आठवत नव्हतं. समोरच्या राजाला आता अडवणारं कोणी नव्हतं. तो एक घर पुढे आला, आणि पुढच्याच खेळीत मात होणार हे दिसलं.

खरं तर तेव्हाही बरोबरी हातात होती. राजा प्याद्याच्या आखूड बाजूला, म्हणजे पटाची कड जवळ असते तिकडे, न्यायचा, म्हणजे लांब बाजू हत्तीला आडवे शह द्यायला मोकळी राहते. हेही वाचलेलं होतं, त्याच प्रकरणात, पुढच्या पानावर. मी राजा लांब बाजूला नेला. का, ते विचारू नका. हाताला जास्त जागा दिसली तिकडे गेला. त्यानंतर वीसेक खेळ्या मी उगाच चालवल्या.

समोर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. हात मिळवल्यावर तिने विचारलं, "काका, तुम्ही हत्ती तिसऱ्या रांगेत का नाही ठेवलात? तुम्ही हसलात तेव्हा मला वाटलं, यांना येतंय, बरोबरीच होणार."

तुम्हाला इथे ऐकायचं असेल की तिने पुस्तक कधी हातातही धरलं नव्हतं. तसं नाही. तिनेही पुस्तकातूनच शिकलं होतं, आणि माझ्याकडच्या तीनपैकीच एका. फरक एवढाच की ती वडिलांबरोबर ती स्थिती पटावर मांडायची. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मी ते पुस्तक पलंगावर पडून वाचलं होतं.

त्या रात्री संगणकावर डाव तपासला. पाच मोहऱ्यांच्या प्रत्येक स्थितीचं उत्तर संगणकाने केव्हाच पूर्ण काढून ठेवलेलं आहे, वादाला जागाच नाही. बरोबरी, बरोबरी, बरोबरी, हार.

पुढे वाचताना (हो, वाचतानाच) रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सापडला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे नुसतं वाचून भागत नाही, हेही मला वाचूनच कळलं. हसा.

आता पट मांडून वाचतो. उत्तरावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतो, आधी खेळी कागदावर लिहितो, मग तुकडा सरकवतो. पूर्वी एका रात्रीत प्रकरण संपायचं, आता एका पानाला चार दिवस लागतात. वाचनाची मजा निम्मी झालीय, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. पूर्वीचा मी पलंगावरून म्हणतो, "हा छंद होता, तू त्याची शाळा केलीस." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. "तू हरलास" एवढंच म्हणता येतं, आणि हरतो तर मी अजूनही.

खेळ सुधारला का? थोडा. हत्तींचे एंडगेम आता सहसा सोडत नाही. पण ते पुठ्ठ्याच्या तुकड्यामुळे, की त्या डावाचा चटका बसल्यामुळे, की मधल्या काळात शंभरेक डाव जास्त खेळल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. येत असतं तर तुम्हाला एका ओळीत सांगितलं असतं.

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीची, पुस्तकं मात्र अजून पलंगावरच वाचतो. आणि फिलिदोरचं ते पान उघडलं की आधी पुस्तक उलटं धरतो.