मोरी बुजवायची राहिली

गोठ्याचं खुराडं करायला घेतलं तेव्हा वहीच्या मागच्या पानावर 19 कामांची यादी केली होती. वाशीची सवय. डावीकडं काम, मधे रक्कम, उजवीकडं झालं की बरोबरची खूण. 18 खुणा झाल्या. उरलं होतं ते शेवटून तिसरं, ‘मोरी’. त्याच्यापुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘पाऊस उघडल्यावर बघू’.

पाऊस उघडायच्या आधी सात कोंबड्या गेल्या. ते येतंच पुढं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. वडील मस्जिद बंदरला माथाडी होते, मी 22 वर्षं वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिला. बाप्ये मुंबईला, बाया आणि जनावरं गावाला, अशी आमच्या आळीची वाटणी पहिल्यापासून. मी परत आलो तोवर जनावरंही नव्हती. आईचे गुडघे गेल्यावर 2019 ला शेवटची म्हैस विकली आणि दावण मोकळी झाली. मोकळी म्हणजे काय, तिथं अडगळ भरली. कुळव, जू, पॉवर टिलरचं झिजलेलं चाक, चार वर्षांची गणपतीची मखरं आणि माझी वाशीहून आलेली खोकी.

गोठा तसा साधा, 18 बाय 12 फूट. पण त्याचा इतिहास आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात आमचं जुनं घर बसलं. आई तेव्हा नवी नवरी, लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, त्या बाहेरच्या अंगाला ढासळल्या. पडलेल्या घराचे दगड निवडून आज्यानं दुसऱ्या वर्षी हा गोठा बांधला. पण एक हुशारी केली. छपराचा भार भिंतीवर दिलाच नाही. सहा मेढी रोवल्या, आढं आणि वासे त्यांच्यावर, भिंती नुसत्या मधे भरलेल्या. भिंत पडली तरी छप्पर जनावरांच्या अंगावर येऊ नये म्हणून. 

हे मला माहीत नव्हतं. कोंबड्यांना हवा पाहिजे म्हणून मी भिंतीचे वरचे थर काढायचं म्हटलं, तर आई ओट्यावरून ओरडली, “आरं, वरचा दगड हलवू नगंस!” तिच्या डोळ्यांसमोर 67 सालची भिंत. गवंडी आला, मेढींवर हात मारून बघितला, म्हणाला, “आजी, भितीवर काय बी न्हाय. समदं लाकडावं उभं हाय.” तेव्हा कुठं ती गप्प बसली. तरी तो दगड काढत होता तोवर ती अंगणातून आत गेली नाही.

गोठा आणि खुराडं यात फरक काय, हे मला चार महिने अंगावर घेतल्यावर कळलं. म्हशीला ऊब लागते, झडीचं पाणी अंगावर येऊ नये एवढं तिला पुरे. तिचं मूत वाहून जायला जमिनीला उतार आणि खालच्या टोकाला मोरी. दार एकच, खिडकी नाही. कोंबडीचं सगळं उलटं. शेण-मूत एकातच, वाहून जायला काही नाही, जे आहे ते तुसातच मुरणार. मग वरून हवा खेळती पाहिजे आणि खालून फट नको. आज्यानं वरून बंद आणि खालून उघडा असा गोठा बांधला होता. मला तो वरून उघडा आणि खालून बंद करायचा होता. कागदावर एका ओळीचं काम.

पूर्व आणि उत्तरेच्या भिंतीचे वरचे दोन थर काढले आणि तिथं जाळी ठोकली. पश्चिमेला हात लावला नाही. आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, छत्री पोटाशी धरून चालावं लागतं असा. जाळी घेतानाच पहिली चूक झाली. दुकानदारानं षटकोनी भोकांची ती स्वस्त कोंबडीजाळी दिली. “सगळे हीच नेतात,” म्हणाला. नेत असतील. तिची तार इतकी बारीक की आमच्या मांजरानं दुसऱ्या दिवशी पंजानं ओढून एक कोपरा सोडवला. मग ती उतरवून अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणली. पैसे दुप्पट, पण ती पकडीनं कापताना माझीच बोटं सोलली, तेव्हा खात्री पटली. जुनी जाळी आता दुधी भोपळ्याच्या मांडवाला आहे. तिथं ती छान काम करते.

गोचिडांचं मी गृहीतच धरलं नव्हतं. गोठा पाच वर्षं रिकामा, आता कसले गोचीड? आईनं सुरी घेतली, दोन दगडांमधली माती उकरली आणि तळहातावर घेऊन माझ्या नाकापुढं धरली. मसूरडाळीएवढे चपटे, करडे, पाय आखडून बसलेले. फुंकर मारली तसे चालायला लागले. कोंबड्यांचे गोचीड दिवसा फटीत लपतात, रात्री अंगावर येतात, आणि उपाशी महिनोन्‌महिने काढतात. आईनं म्हशीबरोबर कोंबड्याही इथंच डालल्या होत्या, त्यांची ही पिढी. मग पुतण्याकडून ब्लो लॅम्प आणला आणि भिंतीची एकेक सांध जाळत गेलो. लाकडी मेढींपाशी मात्र लॅम्प नेला नाही, तिथं फटीत औषध मारलं. मग सांधी सिमेंटनं भरल्या आणि वरून चुन्याचे दोन हात. गोठा आतून इतका पांढरा झाला की आई म्हणाली, “आता पाट मांड आन् जेवायला बस हितं.”

216 चौरस फूट जागा. गावठी पद्धतीच्या कोंबडीला दोन चौरस फूट धरतात, म्हणजे 100 बसतील. मी 45 आणल्या, वनराजा या सुधारित जातीच्या, महिन्याची पिल्लं. दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब लागते आणि आमच्याकडं वादळ आलं की लाइट दोन-दोन दिवस येत नाही. महिन्याची पिल्लं आणली की ती काळजी मिटते, लासोटा आणि गंबोरो या लसीही झालेल्या असतात. दोन वाटेतच दगावली, 43 उरली.

बसायला दांड्या पाहिजेत म्हणून बांबू तोडणार होतो, तर अडगळीतलं जू दिसलं. दोन बैलांच्या मानेवर घासून गुळगुळीत झालेलं, जाडीला बरोबर. ते आणि कुळवाची दांडी, दोन्ही दोन फुटांवर आडवी बांधली. आईला काय वाटेल म्हणून विचारलं नाही. तिनं बघितलं आणि म्हणाली, “बरं हाय की. रिकामं पडल्यालं.”

जुलैत झड लागली. आठ दिवस सूर्य नाही. तूस वरून कोरडं दिसायचं, हात घातला की खाली लगदा. सकाळी दार उघडलं की वासानं डोळे चुरचुरायचे. कुणीतरी सांगितलं चुना टाका, म्हणून मी दोन घमेली पसरली. वास वाढला! ओल्या विष्ठेत चुना पडला की त्यातला अमोनिया आणखीच मोकळा होतो, हे मला नंतर समजलं. खरं काम फावड्याचं. ओला थर सगळा काढून परसात नेला, गिरणीतून कोरडं तूस आणून तीन इंच पसरलं आणि तेव्हापासून रोज सकाळी दाताळ्यानं वरखाली करतो. चुना आता फक्त भिंतीवर.

आणि मग ती दुपार. ऑगस्टची सुरुवात, वरच्या वावरात शेवटची लावणी चालली होती. आईसुद्धा बांधावर येऊन बसली होती. पाऊस होता म्हणून कोंबड्या आत कोंडून ठेवलेल्या, दाराला कडी, वर वेल्डमेश, सगळं बंदोबस्तात. तीन वाजता परत आलो. गोठा गप्प होता. 43 कोंबड्यांचा गोठा दुपारी कधी गप्प नसतो, कुणी ना कुणी कुरकुरत असतंच.

दार उघडलं तर निम्म्या आढ्यावर चढून बसलेल्या आणि खाली सहा पडलेल्या. रक्त फारसं नव्हतं. मानेला कानामागं दोन-दोन भोकं, बाकी अंग जसंच्या तसं. सातवी मोरीत सापडली. ओढून न्यायचा प्रयत्न केलेला, डोकं आणि मान बाहेर, पंख आतल्या बाजूला फाकून अडकलेले. वीतभर रुंदीची मोरी, म्हशीचं मूत जायला आज्यानं ठेवलेली. मी बाहेरून वळसा घालून गेलो तर चिखलात पावलं उमटली होती. आई लांबूनच म्हणाली, “मुंगूस.”

मी रात्रीची भीती धरली होती, रानमांजर, उदमांजर. रात्री मोरीवर पाटा उभा करून ठेवायचो. सकाळी तुसाची ओल जावी म्हणून तो काढायचो. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे, हे आमच्या गावातलं शेंबडं पोर सांगेल. मी 22 वर्षं कांद्याच्या गोणी मोजत होतो.

आई रागावली नाही, हेच जास्त लागलं. तिनं सातही कोंबड्या लांब नेऊन पुरायला लावल्या. संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर एवढंच म्हणाली, “आमी डालग्याखाली डालायचो. त्येला मोरी नसती.”

दुसऱ्या दिवशी भर पावसात मोरी केली. पूर्ण बुजवली नाही, कारण गोठा धुवायचा तर पाणी जायला वाट पाहिजेच. दगड काढून चार इंची पाइप बसवला, भोवती सिमेंट, आणि दोन्ही तोंडांना वेल्डमेशचे तुकडे वाकवून आत रोवले. भिंतीच्या पायाशी बाहेरून फूटभर चर खणून त्यात जाळी पुरली, उकरत आलं तरी आत येऊ नये म्हणून. दीड दिवसाचं काम आणि साधारण नऊशे रुपये. वहीत बरोबरची खूण केली, पण रकमेच्या घरात सात कोंबड्याही धरल्या आहेत. मुंगूस अजून येतं. दुपारी कुंपणाच्या दगडांवर दोन पायांवर उभं राहून बघतं, मी हातवारे केले की सावकाश निघून जातं.

मधे मानमोडीच्या लशीचा कार्यक्रम झाला. मानमोडी म्हणजे राणीखेत, पहाडातल्या त्या गावावरून नाव पडलंय, आणि एकदा शिरली तर अख्खी आळी रिकामी करते. अडचण अशी की कुपी किमान शंभर कोंबड्यांची येते आणि फोडली की तासा-दोन तासात संपवावी लागते. माझ्या 36, शेजारच्या काकींच्या 14, वरच्या आळीतल्या दादांच्या 20. सगळ्यांनी अंधार पडल्यावर डालगी घेऊन आमच्या अंगणात यायचं ठरलं. बॅटरीच्या उजेडात एकानं धरायची, एकानं पंखाखाली टोचायची, काकींनी मोजायचं. 71 भरल्या. एक कुणाची जास्त आली ते अजून ठरलेलं नाही. काकींचं म्हणणं, ती आमची नव्हे. दादांचं म्हणणं, त्यांचीच.

अंडी दिवाळीनंतर सुरू झाली. मी वाशीहून आणलेल्या आंब्याच्या लाकडी पेट्या आडव्या लावून, गवत घालून, अंधारात खास नऊ घरं केली होती. एकीतही अंडं नाही. आठ दिवस शोधलं. अंडी गव्हाणीत होती. दगडी गव्हाण मी फोडणार होतो, यादीतलं अकरावं काम होतं, पण आईनं अडवलं होतं. “ऱ्हाऊ दे तेवढं,” म्हणाली होती, कारण सांगितलं नव्हतं. मी पण खोदून विचारलं नाही, त्या कामापुढं ‘रद्द’ लिहून खूण केली. म्हैस जिथं तोंड घालायची त्या खळग्यात चार कोंबड्या पाळीपाळीनं बसतात, बाहेरची ओरडून आतलीला उठवते. पेट्यांमध्ये आता मी माझी अवजारं ठेवतो.

मागच्या आठवड्यात त्यातली एक तांबडी खुडूक झाली. या सुधारित जातीच्या सहसा खुडूक होत नाहीत म्हणे, हिला ते कुणी सांगितलेलं नसावं. हात नेला की फुगून टोचते. आईनं तिच्याखाली 11 अंडी ठेवली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर 21 दिवस मोजून पेन्सिलनं फुली मारली. त्याच तारखेला गॅसचा सिलिंडर नोंदवायचा आहे, म्हणून तिथं दोन फुल्या आहेत.