हिप्परगा तलावाच्या काठानं, जानेवारीतला एक रविवार

रविवारी आम्ही नऊ जण हिप्परगा तलावावर पक्षी बघायला गेलतो. तुळजापूर रोडनं सोलापूरपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे लांब जायला सुट्टी मिळत नाही म्हणणाऱ्यांनाही जमण्यासारखं. एकरुख तलाव तो हाच, आदिला नदीवर बांधलेला, १८७१ मध्ये पूर्ण झाला.

पोचलो तेव्हा अंधार होता आणि पाण्यावरून वारा असा येत होता की बोटं वळेनात, पण चक्रवाकांचा आवाज आधीच सुरू झालेला, दिसायच्या आधी ऐकू येतात ते. उजाडल्यावर थापट्या बदकं चपटी चोच पाण्यात घालून गाळत फिरताना दिसली, कडेला लांब पायांचे शेकाटे, आणि वारकरी पक्षी तर मोजायच्या पलीकडं.

खरं गेलतो पट्टकदंब हंसांसाठी. हिमालय ओलांडून येतात ही मंडळी, रात्री हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरतात आणि दिवसा विश्रांतीला पाण्याकाठी. साडेआठला थवा उतरला, डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसत होते, आणि तेवढ्यात आमच्यातला एकजण मोबाईल घेऊन पुढं गेला. सगळा थवा उठला. रात्रभर चरून टेकायला आलेल्या पाखरांना आपण उठवलं याचं मला फार वाईट वाटलं.

मग ठरवलं, कुणीच हलायचं नाही. बाभळीखाली पाऊण तास गप बसलो आणि ते आपणहून परत आले, आधीपेक्षा जवळ! म्हणून जाणाऱ्यांना सांगतो, पाठलाग करू नका, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरून बसा. नऊ जण जास्तच झाले, चार-पाच पुरेत. कपडे मातकट रंगाचे घाला, लाल-पांढरे नको. आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते, मात्र स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची जास्त ताकदीची दुर्बीण, कुणाकडं असेल तर मागून घ्या, मधल्या पाण्यातली बदकं त्याशिवाय ओळखू येत नाहीत. आणि पाणी हटलेल्या काठावर जपून, काळी माती वरून वाळलेली दिसते पण आत पाय गुडघ्याएवढा जातो, एकाचा बूट काढायला दोघं लागले. पाणी, भाकरी, शेंगाचटणी घरूनच न्या.

निघायची घाई करू नका. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, येतात, आणि संध्याकाळी मुक्कामाला जाताना त्यांचे थवे आभाळात असे वळतात की आम्ही गाडी रस्त्याकडेला लावून अंधार पडेपर्यंत तिथंच उभे होतो.